हुनर, रोजी आणि शिंदखेड्याची वाट

सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी मार्ग खानदेशातून जात असे. नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, मग तापी ओलांडून थाळनेर, चोपडा आणि पुढे बुऱ्हाणपूर, असे त्या वाटेवरचे मुक्काम होते. ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम फिंच हा व्यापारी सन १६१० मध्ये याच वाटेने आग्र्याकडे निघाला होता आणि त्याच्या प्रवासवर्णनात शिंदखेड्याचे नाव आले आहे. आज शिंदखेडा म्हटले की धुळे जिल्ह्यातला एक कोरडवाहू तालुका, दोंडाईच्याचा मिरचीबाजार आणि सुरत-भुसावळ रेल्वेवरचे एक स्टेशन एवढेच डोळ्यांपुढे येते. पण एके काळी हे गाव जगाच्या बाजारपेठेच्या रस्त्यावर होते. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए बुऱ्हाणपुराहून गेला, तेव्हा तिथले कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय पोलंड आणि मॉस्कोपर्यंत जात असल्याचे त्याने नोंदवले.

या वाटेवरून जे कापड जात होते, ते कुणाच्या हातचे होते? आणि त्या हातांना ते काम कुणी शिकवले? आपल्याकडे इतिहास म्हटला की फारुकी सुलतान, असीरगडचा वेढा आणि १६०१ साली अकबराने घेतलेला किल्ला एवढेच आठवते. मलिक राजाने १३८२ मध्ये थाळनेरला आपली सत्ता स्वतंत्र केली आणि त्याच्या मुलाने, नसीर खानाने, पुढे बुऱ्हाणपूर वसवले, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. मात्र ज्या विणकर, रंगारी, पिंजारी आणि छापेकामगारांच्या जोरावर ते शहर उभे राहिले, त्यांची नावे कुठेच नाहीत. थाळनेरला फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत. कारागिरांच्या कबरींवर दगडही नाही.

उस्ताद आणि शागीर्द

मलिक राजा थाळनेरला स्थिरावत होता, त्याच सुमारास, सन १३७७ मध्ये, दूर उत्तर आफ्रिकेत इब्न खल्दून आपला 'मुकद्दिमा' लिहीत होता. त्या ग्रंथात हस्तव्यवसायांवर मोठे विवेचन आहे. हुनर म्हणजे नुसती माहिती नव्हे. तेच काम पुन्हा पुन्हा केल्याने माणसाच्या अंगी मुरलेली सवय म्हणजे हुनर, असे त्याचे म्हणणे. या सवयीला त्याने 'मलका' म्हटले आहे. शिकवणारा जितका चांगला, तितकी ही सवय पक्की होते. आणि वस्ती जितकी मोठी व सुसंस्कृत, तितके हुनर बारीक होत जाते, हेही त्याने मांडले. व्यवसायशिक्षणावर आज जेवढी पुस्तके निघतात, त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांचा गाभा या दोन-तीन विचारांत आलेला आहे.

आपल्याकडची उस्ताद-शागीर्द पद्धत याच समजुतीवर चालली. विणकराच्या घरात पोर आधी कांड्या भरायला बसे. मग तुटलेला धागा सांधायला शिके. मग ताणा लावताना बापाच्या हाताखाली उभे राही. मागावर बसण्याची पाळी पुष्कळ वर्षांनी येई. तोवर सुताचा पोत बोटांना कळू लागलेला असे. पिंजाऱ्याचेही तसेच. कमानीची तात किती ताणायची, कापसावर ती किती अंतरावर धरायची, मुठीचा ठोका किती जोराचा, हे तोंडी सांगून येत नाही. तातीच्या आवाजावरून जाणता पिंजारी कापूस नीट उकलतो आहे की नाही ते ओळखत असे.

या पद्धतीचे गुण मोठे होते. काम शिकता शिकता माल तयार होई, म्हणून शिक्षणाचा वेगळा खर्च नव्हता. शिकलेला माणूस बेकार राहत नसे, कारण शिक्षण आणि रोजगार ही एकाच ओट्यावरची दोन कामे होती. पण तिच्यातले दोषही झाकून चालणार नाही. हुनर घराबाहेर आणि बिरादरीबाहेर जात नसे. जे बापाला येत नव्हते, ते मुलाला येण्याचा मार्ग नव्हता. घरातल्या बाईचे काम, म्हणजे सूत उकलणे, कांड्या भरणे, ताण्याची तयारी, यावर सारा माग चाले; पण तिला कुणी कारागीर म्हटले नाही. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे, जग जोवर संथ चालते तोवरच ही पद्धत पुरी पडते. नवे यंत्र आले की उस्तादच अडाणी ठरतो.

यंत्र आले तेव्हा

खानदेशात इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आला. पण कारागिरांच्या आयुष्यात खरी उलथापालथ झाली ती १८६० च्या दशकात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत पोचली. कापसाच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या आणि विलायती सूत व कापड आत येऊ लागले. सरकी काढण्याच्या आणि गाठी दाबण्याच्या वाफेच्या यंत्रांचे कारखाने जळगाव-धुळ्याकडे उभे राहिले. एकोणिसावे शतक संपता संपता तापी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि शिंदखेडा, नरडाणा, दोंडाईचा ही गावे त्या रुळावर आली. बैलांच्या तांड्यांची जुनी वाट मात्र ओस पडली.

या उलथापालथीत पिंजारी हळूहळू मागे पडला. यंत्राने पिंजलेला कापूस स्वस्त झाला आणि कमान खांद्यावर घेऊन गावोगाव गाद्या-रजया भरणे एवढेच काम त्याच्याकडे उरले. मोमीन विणकरांची गोष्ट निराळी. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून, बनारस-अलाहाबादकडच्या मुलखातून, अनेक मोमीन कुटुंबे दक्षिणेकडे निघाली आणि मालेगाव, धुळे, बुऱ्हाणपूर, भिवंडी येथे वसली. विलायती कापडापुढे हातमाग मरून जाईल, असे तेव्हाच्या शहाण्या माणसांचे भाकीत होते. प्रत्यक्षात तो मेला नाही. लुगडी आणि पातळे यांच्या बाजारात तो टिकून राहिला.

तो का टिकला, याचे उत्तर आपल्या विषयाशी जोडलेले आहे. पूर्वी विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दोरी ओढून पळवायचा धोटा आला. एक हात मोकळा झाला, पन्हा रुंद करता आला आणि तेवढ्याच वेळात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कापड निघू लागले. हा बदल मागोमाग पोचवण्यासाठी मुंबई इलाख्याच्या उद्योग खात्याने फिरत्या विणकाम शाळा काढल्या. शिक्षक माग घेऊन विणकरांच्या वस्तीत जाई, काही महिने राही, शिकवी आणि पुढच्या गावाला निघे. विणकराला रोजी बुडवून शहरात जावे लागले नाही. शाळा त्याच्या दारात आली. काही ठिकाणी तर शाळा येण्याआधीच विणकरांनी एकमेकांचे पाहून नवा धोटा उचलला.

यातून एक गैरसमज दूर व्हावा. आपला कारागीर अडाणी, हट्टी, नव्याला नाक मुरडणारा, असे साहेबाने लिहिले आणि आपल्याही शिकलेल्यांनी ते खरे मानले. इतिहास उलट सांगतो. परवडेल असे साधन आणि पोट न मारता शिकायची सोय मिळाली, तेव्हा कारागिराने नवे उचलले. १९३० च्या दशकात वीज आली, तेव्हा याच विणकरांनी मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने यंत्रमाग विकत घेऊन चालवले. मालेगाव-धुळ्याचा यंत्रमाग उद्योग त्यातून वाढला.

वर्ध्याचा धडा

सन १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे 'नई तालीम'ची कल्पना मांडली आणि अभ्यासक्रम तयार करण्याचे काम ज्या समितीकडे सोपवले, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. मुलाने एखादा हस्तव्यवसाय शिकावा आणि त्याच्या अंगाने गणित, भाषा, भूगोल, समाजशास्त्र शिकावे, हा त्या योजनेचा मूळ विचार. सुताची लांबी मोजताना हिशेब यावा, कापूस कुठून आला हे विचारताना भूगोल यावा. उस्तादाच्या ओट्यावर जे नव्हते, म्हणजे अक्षर, हिशेब आणि बाहेरच्या जगाचे भान, ते त्याच ओट्यावर आणून ठेवायचे, असा हा प्रयत्न होता.

तो फार काळ चालला नाही. शेतकऱ्याला आणि कारागिराला वाटले, पोराला शाळेत घालायचे ते सूत काततच ठेवायला का? कारकुनी करणाऱ्या वर्गाने तर आपली मुले तिकडे पाठवलीच नाहीत. हाताचे काम गरिबाच्या मुलाचे आणि पुस्तक सुखवस्तू मुलाचे, ही आपल्या समाजातली जुनी फाळणी नई तालीमला मिटवता आली नाही. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने पुन्हा कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या शाळांत त्याचा शेवट कागदाची फुले आणि पुठ्ठ्याची घरे करण्यात झाला.

आयटीआय आणि दाखला

कारखान्यांसाठी माणसे तयार करण्याचे सरकारी काम दुसऱ्या महायुद्धात सुरू झाले. १९४० मध्ये युद्धासाठी तंत्रज्ञ हवे होते म्हणून प्रशिक्षण योजना निघाली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, त्याच अनुभवावर कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या तोंडचे आयटीआय, सुरू झाले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. वर्ग आणि कार्यशाळेत पाया, मग कारखान्यात उमेदवारी, अशी ही रचना. जर्मनीत हीच गोष्ट फार पूर्वीपासून चालत आली होती आणि १९६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. तिथे मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो. कारखानदार त्याला विद्यावेतन देतो, कारण उद्या तोच आपला कामगार होणार हे त्याला ठाऊक असते.

महाराष्ट्रात सरकारी आयटीआयची संख्या ४०० च्या वर आहे आणि प्रत्येक तालुक्यात एक असावे असे राज्याचे धोरण आहे. फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री, डिझेल मेकॅनिक असे व्यवसाय तिथे शिकवले जातात. वेल्डरला धातूचा स्वभाव कळला की जोड तुटत नाही, माल परत येत नाही. फिटरला नकाशा वाचता आला की साहेबाची वाट न पाहता तो बिघाड काढतो आणि यंत्र बंद राहण्याचे तास वाचतात. उत्पादकता वाढली म्हणजे काय झाले, तर हेच झाले. कमी नासाडी, कमी खोळंबा, कमी अपघात. अशी माणसे मिळतात तिथे कारखानदार दुसरे यंत्र घ्यायला धजावतो आणि आणखी चार जणांना काम लागते.

यात आपण कुठे आहोत? २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी अवघ्या २ टक्क्यांच्या आसपास तरुणांनी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले होते. आणखी ८ टक्के असे होते, की ज्यांनी घरी किंवा कुणाच्या हाताखाली काम शिकले होते. ही आकडेवारी सगळ्या देशाची आहे; पण त्या ८ टक्क्यांत आपला गॅरेजवाला, आपला फॅब्रिकेशनवाला, रंगकाम करणारा, यंत्रमागाचा मिस्त्री ओळखीचा वाटतो. त्याला काम येते, दाखला नाही. दाखला नाही म्हणून कारखान्यात कायम नोकरी नाही, बँकेत पत नाही, आखातात गेला तर मदतनिसाच्या पगारावर जातो.

न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्या अहवालावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली, वाचन कमी झाले. त्यात एक शिफारस अशी होती, की मुस्लिम वस्ती ज्या व्यवसायांत दाटलेली आहे ते व्यवसाय आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी शिकवावेत आणि मदरशात शिकलेल्या मुलांनाही तिथे प्रवेश मिळावा. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच होती. अक्षर आपल्याकडे आले होते, हुनर तर पिढ्यान्‌पिढ्या होतेच. अक्षर आणि हुनर यांना जोडणारा पूल तेवढा झाला नव्हता. आयटीआयमधल्या बऱ्याच मागणीच्या व्यवसायांना दहावी पास लागते आणि आपली पोरे आठवी-नववीत रोजीसाठी शाळा सोडतात. पूल तिथेच तुटतो.

आपल्यातले प्रयत्न

असा पूल बांधण्याचा प्रयत्न आपल्यात कुणी केलाच नाही, असे नाही. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. भायखळ्याची साबू सिद्दीक ही तांत्रिक शिक्षणाची संस्था १९३६ पासूनची, तीही याच परंपरेतली. तिथून बाहेर पडलेल्या मुलांच्या पिढ्या मुंबईच्या कारखान्यांत, गोदीत आणि आखातात पोचल्या.

खानदेशापुरते बोलायचे तर अक्कलकुव्याचे उदाहरण जवळचे आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या या आदिवासी मुलखात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम हा मदरसा सुरू केला. पुढे त्याच आवारात आयटीआय, तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण आले. कुराण पाठ करणारा मुलगा आणि लेथवर काम करणारा मुलगा एकाच आवारात दिसावेत, हे त्यांनी करून दाखवले. मौलाना २०२५ च्या मे महिन्यात अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या विचारांशी मतभेद असणारे आहेत, पण दीन आणि रोजी यांत भांडण लावायचे कारण नाही, हा त्यांचा धडा मतभेदाच्या पलीकडचा आहे.

आणखी एक खानदेशी उदाहरण अमळनेरचे. मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तीच आजची विप्रो. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी वयाच्या एकविसाव्या वर्षी तिच्या कारभारात आले आणि पुढे तेलाची कंपनी संगणकाकडे वळली. या कंपनीने विज्ञानाच्या साध्या पदवीधरांना नोकरीत घेऊन, पगार देत देत उच्च तांत्रिक पदवीपर्यंत शिकवण्याची योजना अनेक वर्षे चालवली. शिकाऊ माणसावरचा खर्च बुडीत न मानता तो धंद्यात गुंतवलेला पैसा मानायचा, हे यातून दिसते. उस्तादही शेवटी हेच करत होता.

प्रशिक्षण पुरेसे आहे का?

इथे थोडे थांबायला हवे. शिकवले की नोकरी मिळते, हे वाक्य व्यासपीठावर गोड वाटते. इतिहास त्याला पुरता दुजोरा देत नाही. पिंजाऱ्याला कितीही प्रशिक्षण दिले असते तरी कमान यंत्रापुढे टिकली नसती. त्याला दुसऱ्या कामाचे शिक्षण हवे होते आणि ते वेळेवर हवे होते. मालेगाव-धुळ्याचा यंत्रमाग कामगार कामात कच्चा नाही, तरी त्याच्या घरात दोन वेळची भ्रांत आहे. कारण सूत दुसऱ्याचे, बाजार दुसऱ्याचा, भाव ठरवणारा दुसरा. प्रशिक्षणाच्या जोडीला भांडवल, वीज आणि बाजार नसेल तर कुशल माणूस नुसता कुशल गरीब राहतो.

सरकारी योजनांत याची जाण अलीकडे थोडी दिसू लागली. २०१३ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'सीखो और कमाओ' आली, २०१५ मध्ये पारंपरिक हुनरासाठी 'उस्ताद' नावाचीच योजना निघाली. पुढे या योजना 'पीएम विकास'मध्ये एकत्र झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांतल्या कारागिरांना काही दिवसांचे प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचे कर्ज ठेवले आहे. शिकताना रोजी बुडू नये, ही फिरत्या विणकाम शाळेची जुनी शहाणी गोष्ट यात पुन्हा आली. मात्र त्या १८ व्यवसायांत शिंपी, लोहार, सुतार, गवंडी आहेत. पिंजारी नाही, कलईवाला नाही.

त्यांची नावे आता दुसऱ्याच ठिकाणी सापडतात, मागास वर्गांच्या याद्यांत आणि जातीच्या दाखल्यांवर. १९९० च्या दशकात मुस्लिम ओबीसी चळवळीने महाराष्ट्रात गावोगाव जाऊन सांगितले, की पिंजारी, मोमीन, मण्यार ही व्यवसायांची नावे आहेत, सवलतीचा हक्क या व्यवसायांच्या मागासपणातून येतो. धंदा गेला आणि नाव दाखल्यावर उरले, हे दुःखाचे खरे. पण त्याच दाखल्यावर पिंजाऱ्याच्या नातवाला आयटीआयच्या वीजतंत्री शाखेत जागा मिळू शकते. आजोबाच्या हुनराने नातवाला दिलेली ही शेवटची भेट समजावी आणि ती वाया घालवू नये.

शिंदखेड्याच्या वाटेवर पुन्हा

जुनी वाट गेली, पण शिंदखेडा पुन्हा रस्त्यावर येत आहे. तालुक्यातल्या नरडाण्याला औद्योगिक वसाहत आहे आणि मुंबई-आग्रा महामार्ग तिथूनच जातो. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या आराखड्यात धुळे-नरडाणा पट्ट्याचे नाव आले. मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. शेजारच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ मध्ये १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. जळगावने ठिबक सिंचनाचा उद्योग देशभर नेला. या सगळ्याला वेल्डर, फिटर, पंप दुरुस्त करणारे, सौर तावदाने बसवणारे, प्रयोगशाळेत माल तपासणारे हात लागणार आहेत. ते हात इथल्याच गावांचे असतील की बाहेरून येतील, हे येत्या दहा वर्षांत ठरेल.

म्हणून जमातीच्या पातळीवर तीन गोष्टी करता येतील आणि त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही. पहिली, पोराला दहावीपर्यंत शाळेत टिकवणे. गॅरेजमध्ये जायचेच असेल तर ते शाळा सुटल्यावर. दुसरी, जे आधीच काम जाणतात, त्यांना पूर्वकौशल्याची परीक्षा द्यायला लावून दाखला मिळवून देणे. तशी तरतूद २०१५ पासून कौशल्य योजनेत आहे. मशिदीच्या आवारात जुम्म्याच्या नमाजनंतर एक टेबल मांडून अर्ज भरून घेतले तरी पुष्कळ होईल. तिसरी, मुलींचा विचार. महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कांड्या भरल्या आणि कारागीर म्हणून ज्यांची कधी गणना झाली नाही, त्यांच्या नातींनी शिलाई-भरतकामाच्या पलीकडे जाऊन इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या जागा मागाव्यात.

चारशे वर्षांपूर्वी या वाटेवरून कापड गेले आणि नाव झाले ते सुलतानांचे, सावकारांचे, प्रवाशांचे. करणाऱ्याकडे हुनर होते, पण त्या हुनराचा कागद नव्हता, हिशेब नव्हता, बाजारावर हक्क नव्हता. आताच्या मुलांना हुनराबरोबर या तिन्ही गोष्टी द्यायच्या आहेत. काम मोठे आहे, पण त्याची सुरुवात पुढच्या जूनमध्ये आयटीआयचा प्रवेशअर्ज भरण्याइतकी साधी आहे.